पिंपळावरचा मुंजा आठ वर्षांचाच असतो

गेल्या वर्षी मे महिन्यात गावच्या घरी एका रात्री वीज गेली, ती दोन तास आलीच नाही. पडवीत पाच मुलं होती. तीन माझ्या भावांची, एक माझी आणि एक वरच्या वाडीतून खेळायला आलेला, अंधार पडल्यावर घरी जायला काही केल्या तयार नसलेला. वाशाला कंदील टांगला होता. मध्ये परातीत निखाऱ्यावर भाजलेल्या आठळ्या. आई भिंतीला पाठ टेकून मुंजाची गोष्ट सांगत होती. तिन्हीसांजेला पिंपळाखालून जाणाऱ्यांना खडे मारणारा, मागून हाक देऊन गप्प बसणारा मुंजा. गोष्ट ऐन रंगात आली असताना धाकट्या भाच्यानं विचारलं, "आजी, मुंजा केवढा असतो?"

आई थांबली. सत्तर वर्षं ही गोष्ट तिनं ऐकली आणि सांगितली, पण हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मनाशी हिशेब करून ती म्हणाली, "मुंज झालेली आणि सोडमुंज व्हायची राहिलेली. म्हणजे आठ वर्षांचा असेल."

"म्हणजे तिसरीत." तोही जूनमध्ये तिसरीतच जाणार होता. आठळीचं साल नखानं सोलत तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मग त्याला संध्याकाळी भूक लागत असेल ना?"

त्यानंतर प्रश्नांची नुसती झोड उठली. पावसात तो काय करतो? पिंपळाला तर पानं पातळ. खडे मारतो म्हणजे त्याला खेळायला कुणी नसणार. नेम कसा आहे त्याचा? क्रिकेटमध्ये थ्रो चांगला करेल. वरच्या वाडीतला पोरगा, जो इतका वेळ माझ्या मुलाच्या दंडाला घट्ट धरून बसला होता, तो म्हणाला, "आमच्याकडं एक बोलर कमी आहे." पडवीभर हसू फुटलं. आई डोळे पुसत म्हणाली, "बघा, भिवू नको म्हणून मी सांगतच होते. तो आपलोच आसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातून दोनशे पानी वही आणली. वर भाचीनं स्केचपेननं लिहिलं, 'भुतांची वही'. मुलं सांगतात, मी लिहिते, चित्रं ती काढतात. वर्षभरात एकोणीस गोष्टी झाल्या आहेत. मुलांसाठी भुतांच्या गोष्टींचा संग्रह करायचा, तो खराखुरा घाबरवणारा हवा आणि पोट धरून हसवणाराही हवा, असं काही ठरवून बसले नव्हते. पण त्या रात्रीपासून ते माझं आवडीचं काम होऊन बसलं आहे आणि त्यातून जे उमगलं ते लिहून ठेवावंसं वाटतं.

भुताच्या गोष्टीला हरकत घेणारे पालक मला नेहमी भेटतात. मुलं घाबरतात, रात्री उठतात, कशाला नसती भुतं डोक्यात घालायची, असं त्यांचं म्हणणं. त्यातल्याच कितीतरी घरांत जेवताना मूल तोंड फिरवू लागलं की "बुवा येईल हं" ऐकू येतं. झोपत नाहीस, थांब, बागुलबुवाला बोलावते. मला खरी भीती या बागुलबुवाची वाटते. कारण बागुलबुवाला गोष्टच नाही. तो कुठं राहतो, दिसतो कसा, त्याला काय हवं, तो कशाला घाबरतो, काही म्हणजे काही सांगितलेलं नसतं. फक्त येईल एवढंच. मूल त्याचं करणार काय? मुंजाचा पत्ता पिंपळ, गिऱ्ह्याचा पत्ता पाणी, हडळीची खूण उलटी पावलं. बागुलबुवाला पत्ता नाही, म्हणून तो कॉटखाली, कपाटामागं, बाथरूमच्या दाराआड सगळीकडं असतो.

हे मला एका चुकीतून कळलं. वही सुरू होण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. शहरात आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या मुलाचा आणि थोरल्या भाच्याचा हट्ट चालला होता, म्हणून मी एक गोष्ट तिथल्या तिथं रचली. सातव्या मजल्यावर लिफ्ट थांबते, दार उघडतं, बाहेर कुणी नाही, दार मिटतं. मग आठव्या मजल्यावर तेच. शेवट सुचला नाही तेव्हा आवाज खाली नेला आणि "...अजूनही थांबते" म्हणून दिवा घालवला. भाचा तीन रात्री झोपला नाही. बाथरूमला जाताना दार उघडं ठेवून आतून गाणं म्हणायचा, बाहेर कुणी आहे हे कळत राहावं म्हणून. ते गाणं अजून माझ्या कानांत आहे. मी त्याला भूत दिलं, पण ते धरायला मूठ दिली नाही.

चौथ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून ती गोष्ट पुरी केली. लिफ्टमध्ये एक आजोबा भूत आहेत. त्यांना चौथ्या मजल्यावर जायचंय, पण चष्मा घरी राहिल्यामुळं बटणावरचे आकडे दिसत नाहीत. म्हणून ते सगळी बटणं दाबतात. आता आम्ही सातव्या मजल्यावर लिफ्ट रिकामी उघडली की "आजोबा, चौथा खाली राहिला" म्हणतो. शेजारचेही म्हणू लागले आहेत.

वहीत पहिल्या पानावर त्यामुळंच एक अट लिहिली आहे. प्रत्येक भुताला काहीतरी हवं असलं पाहिजे आणि प्रत्येक भूत कशाला तरी घाबरत असलं पाहिजे.

आपल्याकडची भुतं या अटीत इतकी चपखल बसतात की जणू कुणी मुलांसाठीच ती बेतली असावीत. वेताळाचंच बघा. तो भुतांचा राजा, पण कोकणात आणि गोव्यात तो गावाचा राखणदार देवही आहे. वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्याजवळ आरवली आहे, तिथला वेतोबा तर सगळ्यांना ठाऊक. त्याला लोक केळ्यांचे घड वाहतात आणि नवस फेडायला चामड्याच्या चपला, त्याही चांगल्या भल्यामोठ्या. गावकऱ्यांची श्रद्धा अशी की रात्री तो गावाभोवती गस्त घालतो, म्हणून चपला झिजतात आणि नव्या लागतात. गोव्यात आमोण्याला बेताळाचं देऊळ आहे, तोही असाच गावाचा धनी.

यंदा मुलांना आरवलीला घेऊन गेले होते. देवळात ओळीनं मांडलेल्या चपला बघून सगळी गप्प झाली. भाचीनं आपलं पाऊल एका चपलेशेजारी धरून पाहिलं. तिचं अख्खं पाऊल त्या चपलेच्या अर्ध्यापर्यंतच पोचत होतं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "रात्री चपला वाजत असतील ना? मग चोरांना आधीच कळणार." धाकटा म्हणाला, "त्यासाठीच वाजवतो. पळून जा म्हणून. त्याला मारामारी आवडत नाही." हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवलं आहे. मध्यरात्री दारावरून जाणाऱ्या पावलांचा आवाज यापेक्षा धीराचा कसा करणार? त्या दिवसापासून रात्री पाचोळा वाजला की घरात कुणीतरी म्हणतं, वेतोबाची फेरी.

वेताळ गोष्टीही सांगतो हे तर आपल्याकडचं आणखी मोठं देणं. भुतांच्या गोष्टींचा संग्रह म्हणजे परक्या देशातून आलेली टूम आहे असं कुणाला वाटत असेल तर वेताळपंचविशी आठवावी. पंचवीस गोष्टींचा संग्रह आणि सांगणारा स्वतः वेताळ, राजाच्या खांद्यावरच्या प्रेतात शिरून बसलेला. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं कथासरित्सागर रचला त्यात त्या आहेत. छापील मराठी पुस्तकं नुकती कुठं निघू लागली होती, तेव्हा १८३० साली सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी त्या मराठीत आणल्या. आमच्या पिढीला त्या भेटल्या 'चांदोबा'तून. हे मासिक मराठीत १९५२ साली सुरू झालं. तलवार हातात, खांद्यावर लोंबणारं पांढरं प्रेत, भोवती स्मशान, हे शंकर यांनी काढलेलं चित्र बघत मी कितीदा पुढचं पान उलटायचं टाळलंय.

आणि तरीही कधी रात्रीची झोप उडाली नाही. का नाही, ते आता मुलांसमोर त्या गोष्टी वाचताना कळतं. वेताळ शेवटी कोडं घालतो. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शंभर शकलं होतील, आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर. झालं, सगळी मुलं कोड्याला भिडतात. प्रेत खांद्यावर आहे हे विसरूनच जातात. माझा मुलगा तर राजावर चिडतो, "अरे, 'माहीत नाही' म्हण की!" मग भाची त्याला समजावते की राजाला खोटं बोलता येत नाही, आणि दोघांचं असं भांडण जुंपतं की स्मशान, अमावस्या, घुबड सगळं बाजूला राहतं. भीतीच्या बरोबरीनं मुलाच्या हातात काहीतरी काम द्यायचं, ही युक्ती हजार वर्षं जुनी आहे.

गिऱ्हा हे आमच्या मुलांचं सगळ्यात लाडकं भूत. बुडून गेलेल्या माणसाचं हे भूत नदी-ओहोळापाशी राहतं, वाटसरूला चकवून पाण्यात नेतं आणि टपल्या मारून त्याची खोडी काढतं असं म्हणतात. त्याचे केस कुणी कापून आणले तर तो त्या माणसाचा गडी होतो आणि आपले केस परत मिळावेत म्हणून सारखा मागं लागतो. आई यालाच आणखी एक जुनी गोष्ट जोडते, कामाशिवाय राहू न शकणाऱ्या भुताची. काम दे, नाहीतर खाईन. घरधनी विहीर खणायला सांगतो, घटकेत खणून तयार. डोंगरावरचं रान साफ, दुपारपर्यंत साफ. शेवटी धनीण कुत्र्याचं शेपूट सरळ करायला देते आणि भूत तिथंच अडकतं.

मुलांनी वहीत या गोष्टीचा शेवट बदलला. त्यांच्या गोष्टीत गिऱ्ह्यानं नळाला चोवीस तास पाणी आणलं, सगळ्यांचा गृहपाठ केला, आंबे उतरवून, पेंढ्यात घालून, पेट्या भरून ठेवल्या. आता काय द्यायचं? घरात दोन वर्षांची धाकटी होती. धनीण म्हणाली, हिला एवढा वरणभात भरव. गिऱ्हा हसला. मग बसला. पहिला घास तिनं भिंतीवर उडवला. दुसरा त्याच्या शेंडीत. त्यानं कावळा दाखवला, चिमणी दाखवली, मांजर दाखवलं, शेवटी स्वतःचं खरं रूप दाखवलं, तर तिनं टाळ्या वाजवल्या आणि "पुन्ना!" म्हणाली. तिन्हीसांजेपर्यंत वाटीतला भात तेवढाच होता. तेव्हा गिऱ्हा हात जोडून म्हणाला, केस तुमच्याकडंच राहू देत, मी निघतो. हा प्रसंग भाचा उभा राहून करून दाखवतो. 'पुन्ना' आलं की माझी वहिनी, जिला हा वरणभात रोज भरवावा लागतो, ती हसून हसून खाली बसते.

सांगण्याबद्दल एक गोष्ट मात्र मी आईकडून शिकले. हसू आधी येता कामा नये. हल्ली मुलांसाठी मिळणाऱ्या कितीतरी भूतपुस्तकांत पहिल्याच चित्रात भूत गोबऱ्या गालांचं, हसरं, हात हलवणारं असतं. मुलांना असं पुस्तक पुरत नाही, ती ते मिटून ठेवतात. आपल्याला लहान समजलं गेलं हे त्यांना तत्काळ कळतं. आई पहिला अर्धा भाग अगदी खरा सांगते. आवाज चढवत नाही, उलट उतरवते. नदीचा दगड कसा निसरडा होता, कंदिलाची काच कशी काजळली होती, तिथं ती रेंगाळते. मी अनेकदा गोष्टीऐवजी मुलांकडंच बघत बसते. भीती वाढते तशी ती नकळत एकमेकांकडं सरकतात, पाचांची एक गाठोडी होते. आणि हसू आलं की ती गाठोडी एकदम सुटते, कुणी आडवं पडतं, कुणी दुसऱ्याला ढकलतं. ते आवळणं नसेल तर सुटण्यात काय मजा?

हाकामारीची गोष्ट रंगते तीही यामुळंच. रात्री ओळखीच्या आवाजात नावानं हाक येते, ओ दिली की घात. आमच्याकडं अजून म्हणतात, रात्री तीनदा हाक आल्याशिवाय ओ देऊ नये. शेजारच्या कर्नाटकात १९९० च्या दशकात अशीच अफवा पसरली होती. रात्री दारावर येऊन हाक मारणाऱ्या बाईला चुकवायला लोकांनी घराच्या भिंती-दारांवर 'नाळे बा' लिहून ठेवलं. म्हणजे 'उद्या ये'. ती वाचणार, परत फिरणार, दुसऱ्या रात्री येणार, पुन्हा तेच वाचणार. हे सांगितलं तेव्हा आधी पाच चेहरे पांढरे पडले होते. मग भाची हळूच म्हणाली, "म्हणजे तिला वाचता येतं." धाकटा म्हणाला, "आणि ती खूप शहाणी आहे. सांगितलेलं ऐकते." वरच्या वाडीतला म्हणाला, "पण तिला कन्नड येतं. इथं आली तर वाचणार कसं?" त्या रात्री मुलांनी दारावर खडूनं मराठीत आणि माझ्याकडून विचारून विचारून कन्नडमध्ये, दोन्हीत लिहिलं. मी ते अजून पुसलेलं नाही.

काही गोष्टी मी वहीत घेतल्या नाहीत. आईला येतात, चांगल्या रंगतातही, तरी नाही. एखाद्या बाईला चेटकीण ठरवून गावानं हाकललं असं ज्यात आहे ती. अंगात आलं म्हणून सुनेला फोकानं मारणारा भगत ज्यात शहाणा ठरतो ती. नारळातून विकत मिळणाऱ्या बायंगी नावाच्या भुताची, कारण त्याच्यासाठी खरे पैसे मोजणारे लोक आजही आहेत. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला मारणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि त्या कायद्यासाठी आयुष्य वेचलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी खून झाला. भूत गोष्टीत राहतं, त्याचा उपाय गोष्टीत असतो आणि खऱ्या माणसाला भूत म्हणायचं नाही, एवढं मुलांना कळलं की मग हवी तेवढी भुतं खुशाल नाचू देत.

हडळीपाशी मी बराच काळ अडले. उलट्या पावलांची गंमत मुलांना अपार. ती पाठलाग करतेय की पळतेय हे मातीवरच्या ठशांवरून कळणारच नाही, हा शोध त्यांचाच, आणि खळ्यात उलटं चालण्याच्या शर्यती लागतात. पण हडळ, अळवंतीण या बाळंतपणात गेलेल्या बायका. गिऱ्हा बुडालेला. मुंजा तर पोरच. आपल्या भुतांची यादी काढली की ती ज्यांचं काहीतरी राहून गेलं त्यांची यादी होते. बाळ हातात घ्यायचं राहिलं, घरी पोचायचं राहिलं, मोठं व्हायचं राहिलं. म्हणून तर त्यांच्या मागण्या इतक्या लहान असतात, चिमूटभर मीठ, विस्तवाचा निखारा, एक भाकरी. आईच्या गोष्टीतली हडळ मागच्या दारी येऊन पाळणा किंचित हलवते आणि जाते. ती मी वहीत घेतली. तिथं कुणी हसत नाही आणि हसवायचंही नाही. भाचीनं चित्रात तिला हिरव्या बांगड्या घातल्या आहेत.

यंदाच्या मेमध्ये धाकटा मुंबईहून आला तो रात्रभर गाडीत झोपला नव्हता. रिक्षातून उतरला, पिशवी खळ्यात टाकली आणि तडक गडग्यापाशी गेला. तिथून पाणंदीपलीकडचा पिंपळ दिसतो. सकाळचं ऊन नुकतंच पानांवर आलं होतं. आई दारात तांब्या घेऊन उभी होती, मी पिशव्या उचलत होते. गडग्यावर चढून, तोंडाभोवती दोन्ही हात धरून तो मोठ्यानं ओरडला, "मी चौथीत गेलो रे!"

थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग हात खाली घेऊन, आम्हाला ऐकू येईल न येईल अशा आवाजात त्यानं विचारलं, "तू?"